पट्टीचं उजवं टोक

सर, हे पत्र तुमच्या हातात पडलं असतं तर तुम्ही आधी त्याची शेवटची ओळ वाचली असती. मासिक असो, केसपेपर असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका, तुम्ही सगळं मागून उघडायचा. म्हणून मला जे सांगायचं आहे ते मी शेवटच्या ओळीतच ठेवणार आहे. मधलं सगळं माझं मलाच आठवावं म्हणून लिहिते आहे. दुपार आहे. माझा दवाखाना दुपारी बंद असतो. मुकुंदवाडी स्टेशनातून आत्ताच पॅसेंजर गेली, तिच्या धडधडीनं खिडकीची काच अजून किणकिणते आहे. समोर टेबलावर एक ईसीजी पडला आहे, कात्री आहे आणि तुम्ही दिलेलं पितळी कर्कटक आहे. मागच्या वर्षी मुलाकडे निघाले होते तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळावर हेच कर्कटक पर्समध्ये सापडलं आणि तिथली पोरगी मला म्हणाली, "आजी, हे टोकदार आहे, नेता येणार नाही." मी म्हटलं, हे हृदय मोजायचं आहे. ती म्हणाली, "अय्या, खरंच?" आणि तिनं ते परत पर्समध्ये टाकलं. तुम्हाला ही हकीकत आवडली असती.

मी सरकारी दवाखान्यातल्या तुमच्या युनिटमध्ये हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर म्हणून आले तेव्हा छावणीतल्या कॉन्व्हेंट शाळेचा माझा इस्त्रीचा दिमाख अजून उतरला नव्हता. पहिल्याच दिवशी राउंडला मी इंग्रजीतून केस सांगितली आणि तुम्ही शांतपणे ऐकून घेऊन म्हणालात, "वाहवा. आता हीच केस या खाटेवरच्या बाईला समजेल अशी सांग." मला सांगता आली नाही. त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाही. "काय कॉन्व्हेंट, काय म्हणते पट्टी?" ईसीजीला तुम्ही पट्टी म्हणायचा. तेव्हा ती खरोखरच पट्टी होती. एकावेळी एकच लीड, म्हणजे हृदयाची एकाच बाजूनं दिसणारी रेघ, काढणारं ते जडशीळ यंत्र, तापलेल्या सुईनं मेणकागदावर उमटणारी रेघ, तो किंचित जळका वास. मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड मनगटांना आणि घोट्यांना लावायचं, वर पट्टे आवळायचे, छातीवर रबरी फुगा दाबून वाटी बसवायची आणि ती जागोजागी सरकवत न्यायची. वाटी उचलली की पेशंटच्या छातीवर रुपयाएवढा लाल गोल राहायचा. हातभर, दोन हात लांब कागद बाहेर यायचा. तो तुम्ही स्वतः कात्रीनं कापायचा आणि एकेक लीड कार्डावर चिकटवायचा. ज्या टोकांना पेशंट हलला असेल, रेघ थरथरली असेल, ती टोकं तुम्ही छाटून टाकायचा. "सांडलेलं उष्टं ताटात वाढू नये," म्हणायचा.

तुम्ही वैद्यकी हैदराबादला उर्दूतून शिकला होता, हे मला फार उशिरा कळलं. तुमचे वडील निजामाच्या तहसिलात कारकून, घरात पूजाअर्चा आणि दप्तर दोन्ही चालायची, आणि मुलगा शाळेत अलिफ-बे गिरवायचा, कारण दुसरी शाळाच नव्हती. पोलीस ॲक्शन झाली आणि शिक्षण एकाएकी इंग्रजीत गेलं. "जे अवयव मी उर्दूत शिकलो ते अजून उर्दूतच दुखतात," असं तुम्ही एकदा हसत म्हणाला होता. त्या शाळेनं तुम्हाला एक खोड लावली होती. तुम्ही पट्टी उजवीकडून वाचायचा. आम्ही सगळे डावीकडून सुरू करणार, पहिला ठोका, दुसरा ठोका. आणि तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून उजव्या टोकावर बोट ठेवणार. मी एकदा धीर करून विचारलं की उलटी वाचल्यावर अर्थ उलटा होत नाही का. तुम्ही म्हणालात, "डावं टोक म्हणजे मघाशी. उजवं टोक म्हणजे आत्ता. पेशंट तुझ्यासमोर आत्ता पडलाय की मघाशी?"

मी ते विनोद म्हणून घेतलं. आम्ही हाउसमन कँटीनमध्ये तुमची नक्कल करायचो, पेपर उलटा धरायचो. पण तुम्ही ज्या तऱ्हेनं एकेक गोष्ट डोक्यात बसवलीत ती आजही निघत नाही. एकदा एका पट्टीवर दर काही ठोक्यांनी एक ठोका गळत होता. पुस्तकात त्यावर दीड पान इंग्रजी होतं. तुम्ही गळलेल्या जागेवर बोट ठेवलंत आणि तिथून मागं मागं, डावीकडे सरकलात. "हा बघ तहसिलातला कारकून. आज अर्ज आला नाही. का? काल उशिरानं पुढं पाठवला. परवा त्याहून थोडा लवकर. त्याच्या आदल्या दिवशी जवळपास वेळेवर. रोज थोडा थोडा उशीर, आणि मग एक दिवस गडी सुट्टीवर. वरच्या कप्प्याचा अर्ज खालच्या कप्प्यापर्यंत पोचतच नाही. कळलं?" कळलं. आणि जिच्या हृदयाची झडप लहानपणच्या सांधेदुखीच्या तापानं आखडली होती ती वॉर्डातली कोवळी पोरगी, तिच्या पट्टीवर सुरुवातीची छोटी टेकडीच नव्हती, नुसती कुरकुरणारी रेघ आणि कुठंही कसेही उगवणारे सुळके. "शहागंजातून टांगा निघालाय," तुम्ही म्हणालात, "घोडाही प्यालेला, टांगेवालाही प्यालेला. यात ताल शोधू नकोस, ताल नाही हेच निदान."

गंगापूरकडची ती बाई तुम्हाला आठवत असेल. पन्नाशीची, अंगानं दणकट, पहाटे उसात राबून मग एसटीनं आलेली. मी तिला माझ्या पुस्तकी मराठीत विचारलं, "तुमच्या छातीत वेदना होतात का?" ती म्हणाली, "वेदना? नाय बाई. वेदना कशाच्या?" मी केसपेपरवर लिहून टाकलं, छातीत दुखणं नाही, पित्त असावं. तुम्ही आलात, खाटेच्या कडेला टेकलात. "मावशे, छातीवर काही ठिवल्यावानी वाटतं का?" "व्हय जी!" ती उसळून म्हणाली. "जात्याची तळी ठिवल्यावानी. लई जड. पण दुखत नाय हो." तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसतं म्हणालात, पट्टी काढ. मी काढली. सुळक्यानंतरच्या रेघेच्या तुकड्याला आम्ही एसटी म्हणतो, तो खाली घसरला होता. झालेली चूक भरून काढायच्या घाईत मी मोठ्यानं ओरडले, "सर, हिची एसटी खाली गेली आहे!" ती बाई ताडकन उठून बसली. "गेली? गंगापूरची का? आता शेवटची कंची हाय मग?" सगळा वॉर्ड हसला. तुम्ही तिला खांद्याला धरून निजवलंत. "मावशे, तुझी एसटी आम्ही धरून ठिवलीय. तू पड निवांत." नंतर बाहेर व्हरांड्यात मात्र तुम्ही हसत नव्हता. म्हणालात, "तिनं दुखण्याला नाय म्हटलं. जडपणाचं तू विचारलंच नाहीस. पट्टी पण तशीच असते, बेटा. विचारशील तेवढंच बोलते."

पट्टीवर नाव नसलं की मात्र तुमचा पारा चढायचा. नाव नाही, वय नाही, अशी पट्टी कुणी पुढं केली की तुम्ही ती दोन बोटांत धरून परत द्यायचा. "लावारिस आहे. मी लावारिस पट्टी वाचत नाही. आधी हिचा मालक शोधून आण." रविवारी मी तुमच्या घरी शिकायला यायचे तेव्हा जेवणाच्या टेबलावर पट्ट्यांच्या गुंडाळ्या पसरलेल्या असायच्या आणि काकू गरम धपाटे घेऊन उभ्या. "त्या कुणाकुणाच्या काळजाच्या पट्ट्या उचला आधी. पोरीला जेवू तरी द्या." तुम्ही म्हणायचा, "ही जेवायला येत नाही, शिकायला येते." त्या म्हणायच्या, "उपाशी शिकलेलं टिकत नाही," आणि धपाट्यावर लोण्याचा गोळा ठेवायच्या. तुम्हाला मात्र लोणी नाही, चहाही बिनसाखरेचा. मला वाटायचं, तुमची शिस्त. मी डॉक्टर होते, सर. समोरचा माणूस वर्षानुवर्षं बिनसाखरेचा चहा पितो आहे आणि मला वाटायचं, शिस्त.

त्या वर्षी हिवाळ्यात तुम्ही आठवडाभर रजेवर होता. ताप आला होता म्हणालात. परत आलात ते जरा उतरलेले, पण ताप येऊन गेलेला माणूस तसाच दिसतो. मग उन्हं तापायला लागली, आणि एका सकाळी राउंड संपल्यावर तुम्ही आम्हा सगळ्यांना वॉर्डाशेजारच्या खोलीत बसवलंत, चहा मागवलात आणि कोटाच्या खिशातून एक गुंडाळी काढून माझ्यासमोर ठेवलीत. न कापलेली, न चिकटवलेली, सबंध पट्टी. "कॉन्व्हेंट, आज परीक्षा. पुरुष, वय छप्पन्न. बस, एवढंच."

तेव्हाचं चित्र माझ्यासमोर अजून हलतं आहे. मी गुंडाळी उलगडते आहे, डाव्या टोकावर बशी ठेवते आहे म्हणजे कागद परत वळू नये. नाव नाही हे माझ्या लक्षात येतं का? येतं. पण परीक्षेच्या पट्टीवर नाव कशाला असेल, असं मला वाटतं. मी विचारते, "त्रास काय, सर?" तुम्ही म्हणता, "जिना चढताना थोडा दम." "छातीत दुखलं होतं?" "नाय म्हणतो." "जड वाटलं होतं?" तुम्ही माझ्याकडे बघून हसता, कारण हे तुम्हीच शिकवलेलं. "तेही नाय. नुसता घाम आला होता म्हणतो, आणि थकवा." मग मी सुरू करते, डावीकडून, शाळेत उभी राहून धडा वाचायचे तशी, एकही अक्षर न गाळता. ठोके जरा जलद. सुरुवातीची टेकडी जागच्या जागी, वेळेवर. पण छातीच्या पहिल्या चार लीडमध्ये सुळक्याच्या जागी खोल खड्डे, म्हणजे हृदयाच्या समोरच्या भिंतीचा स्नायू मेलेला, अटॅक येऊन गेलेला, आणि मोठा. खड्डे जुने आहेत, म्हणजे एव्हाना एसटी खाली आपल्या पातळीवर यायला हवी होती, ती आलेली नाही, घुमटासारखी वरच अडकली आहे. म्हणजे मेलेली भिंत बाहेर फुगते आहे. मध्येच हे रुंद, बेढब ठोके, कुणीही न बोलावता आलेले. कुठं जोडीनं, आणि इथं तर लागोपाठ तीन. "न दुखता एवढा मोठा अटॅक आला म्हणजे याची साखर तपासायला हवी, सर," मी म्हणते. तुमच्या हातात बिनसाखरेचा चहा आहे.

तुम्ही कप खाली ठेवता आणि पट्टीच्या उजव्या टोकावर बोट ठेवता. "आणि इथं? इथं काय दिसतं?" तिथं रेघ चांगलीच थरथरलेली आहे. प्रत्येक लीडच्या सुरुवातीला थोडी थोडी थरथर आहे, शेवटी सगळ्यात जास्त. मी क्षणभरही न थांबता म्हणते, "ते हृदयाचं नाही, सर. हात हलल्याचं आहे. टेक्निशियन झोपेत असावा. त्याला बदला." सगळे हसतात. तुम्ही सगळ्यांपेक्षा जास्त हसता. "बदलतो," म्हणता.

"जगेल?"

"कधीही जाऊ शकतो, सर. सक्त विश्रांती हवी. जिना नको, ड्यूटी नको, एकटं राहणं तर अजिबात नको."

"मग हे त्याला सांगशील?"

"पेशंटला कशाला सांगायचं? घरच्यांना सांगायचं."

"आणि त्यानंच विचारलं तर?"

"तर म्हणायचं, सगळं ठीक आहे, फक्त आराम करा."

"म्हणजे खोटं सांगायचं."

"सगळेच सांगतात, सर," मी म्हणते, आणि ते खरं असतं. त्या काळात सगळेच सांगायचे. तुम्ही मान हलवता, पट्टी परत गुंडाळता, खिशात ठेवता. मग दुसऱ्या खिशातून हे कर्कटक काढून माझ्यासमोर टेबलावर सरकवता. शाळेतल्या कंपासपेटीतलं, एका पायाला ठोकर बसून किंचित वाकलेलं, ज्यानं तुम्ही आयुष्यभर ठोक्यांमधली अंतरं मोजलीत. "बरोबर वाचलीस. पैकीच्या पैकी. हे ठेव आता तुझ्याकडे." मला वाटलं, बक्षीस. मी संध्याकाळी पैठण गेटला मैत्रिणींना उसाचा रस पाजला.

तुम्ही जिना चढतच राहिलात, सर. महिना गेला असेल, दीड महिना. उन्हाळा ऐन भरात. ओपीडीच्या व्हरांड्यातल्या बाकावर तुम्ही पेशंटांच्या ओळीत बसलेले आहात, आणि पेशंटांना वाटतं आहे, साहेब मजेनं बसलेत. कुणीतरी मला बोलवायला आलं तेव्हा तुमचा शर्ट घामानं भिजला होता आणि तुम्ही एका म्हातारीला सांगत होता, "आजी, तू जा पुढं, माझा नंबर मागं आहे." तुम्हाला वॉर्डात आणलं. पट्टे मीच आवळले. छातीवर वाटी ठेवली, यंत्र सुरू केलं, कागद बाहेर येऊ लागला. पहिली लीड. दुसरी. मग छातीच्या लीड सुरू झाल्या आणि ते खड्डे आले, आणि तो घुमट.

लोक म्हणतात चेहरा विसरत नाही. अक्षर ओळखू येतं, चाल ओळखू येते. मी रेघ ओळखली. एकदाच पाहिली होती, पण सबंध पाहिली होती, पाठ म्हणावी तशी मोठ्यानं वाचली होती. कागद माझ्या हातातून वाहत होता आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडेच बघत होता. किती वेळ बघत होता कोण जाणे. म्हणालात, "पटली ओळख? आता नाव लिही त्याच्यावर. लावारिस ठेवू नकोस."

मी नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा उजव्या टोकाला लिहिलं. आणि मग, सर, मी तुमचा हात धरून म्हणाले, "सगळं ठीक आहे, सर. फक्त आराम करा."

तुम्ही हसलात. ओठांवर घाम फुटला होता, दम लागत होता, तरी हसलात. "आता खरा पेशंट झालो," म्हणालात. मला वाटतं तुम्ही मला एवढंच शेवटचं बोललात. नंतर इतर डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, मला बाजूला व्हावं लागलं. दुसऱ्या दिवशी उजाडताना तुम्ही गेलात.

काकूंकडे गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर पट्ट्या तशाच पसरलेल्या, आणि आता त्यांना कुणी उचला म्हणत नव्हतं. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?" त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगतील? मी जिना चढू दिला असता का?" मग म्हणाल्या, "एका दुपारी घरी आले ते चांगले खुशीत होते. म्हणाले, पोरीनं आज खरं सांगितलं. मी विचारलं, कसलं खरं? तर म्हणाले, वाढ तू. आणि त्या दिवशी लोणी मागून घेतलं." त्या मला काही दोष देत नव्हत्या. त्यांनी मला जेवायलासुद्धा घातलं. धपाटे होते.

इतकी वर्षं मला एकाच गोष्टीची टोचणी होती, की तुम्ही बोट ठेवून दाखवलंत आणि मी टेक्निशियन झोपलाय म्हटलं. उजवीकडून सुरुवात केली असती तर सगळ्यात आधी तीच थरथर दिसली असती. मग मला कळलं असतं की हा पेशंट खोलीत एकटा आहे, याचे हात पट्ट्यांनी बांधलेले आहेत आणि त्याच बांधलेल्या हातानं तो बटणं फिरवतो आहे, वाटी सरकवतो आहे, आणि शेवटी वळून यंत्र बंद करतो आहे. असा माणूस आपल्या दवाखान्यात कोण असणार होता? त्या थरथरीत तुमचं नाव होतं, आणि मी म्हटलं ते हृदयाचं नाही. वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेतलीत आणि मी पैकीच्या पैकी मिळवून नापास झाले.

पण आज मला वेगळं दिसतं आहे. गेले काही दिवस मलाही जिना चढताना दम लागतो. छातीत दुखत नाही. जड? जात्याची तळी नाही, पण कुणीतरी तळहात टेकवून ठेवावा तसं. आज सकाळचे पेशंट संपल्यावर दार लावून घेतलं आणि माझी मीच पट्टी काढली. आता यंत्र लहान झालं आहे, रेघा एकदम तीन उमटतात आणि वर छापून येतं की हा अर्थ यंत्रानं लावलेला आहे, डॉक्टरांनी खात्री करून घ्यावी. मी खात्री करून घ्यायला बसले. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी पट्ट्या वाचते आहे. आणि ही एक वाचता येत नाही. एसटी खाली आहे की मला खाली दिसते आहे? कुठली रेघ सपाट धरायची तेच ठरत नाही. कर्कटक लावलं तर त्याचा पाय मला हवा तिथं जाऊन टेकतो. एकदा सगळं ठीक दिसतं, एकदा काहीच ठीक दिसत नाही. तेव्हा समजलं, सर, की तुम्ही परीक्षा घेत नव्हता. तुमची पट्टी तुम्हालाही वाचता येत नव्हती. तुम्हाला कुणीतरी ती वाचून दाखवायला हवी होती, आणि पेशंट म्हणून आला असता तर मीही खोटंच सांगितलं असतं. म्हणून तुम्ही परीक्षक होऊन आलात. तुम्हाला खरं तेवढ्याच वाटेनं मिळणार होतं. ते मी दिलं. फक्त ते दिल्यावर शेजारी बसायचं असतं, ते राहून गेलं. ज्याला एकटं ठेवू नये असं मी सांगितलं, त्याला त्याच खोलीत त्याच्या चहापाशी एकटं सोडून मी रस प्यायला गेले.

संध्याकाळी माझ्याबरोबर काम करणारी तरुण डॉक्टर येईल. हुशार पोरगी आहे, चांगली पट्टी वाचते. पण माझ्यावर तिचा जीव आहे. परवा माझं बीपी बघून म्हणाली, "एकदम फर्स्ट क्लास, मॅडम!" मी आकडा विचारला तर दंडावरचा कफ सोडून मोकळी झाली. तिला म्हटलं की ही माझी आहे, तर ती काय सांगेल ते मला आत्ताच माहीत आहे. नाव लिहायला मी पेन उचललं होतं. कागदावर लिहिलं एवढंच: स्त्री, वय सदुसष्ट. संध्याकाळी तिच्यापुढं ठेवून म्हणेन, आज परीक्षा. तुम्ही असता तर दोन बोटांत धरून परत दिली असती.

आता कात्रीचं. तुमच्यासारखी मलाही टोकं छाटायची सवय आहे. या पट्टीच्या शेवटी मी बटणाकडे हात नेला तेव्हाची थरथर उमटली आहे, ती कापायला म्हणून कात्री घेतली आणि हात थांबला. जे उष्टं तुम्ही कधी ताटात वाढलं नाही ते त्या एका दिवशी माझ्यासमोर तसंच ठेवलं होतंत. छाटायला विसरणारे तुम्ही नव्हता. त्या पोरीला मी उजवीकडून वाचायला शिकवलं आहे. ती हसते, पण कधीकधी वाचते. मी कात्री खणात ठेवून दिली आहे.

टोक मी कापलेलं नाही, सर.